कुंडीतली आणि अंगणातली केळ : कोणती जात, कधी निसवते, फूल कसं पाहायचं

खोडवा

घरी दोन-तीन जातींच्या केळी लावून त्यांची निसवण, म्हणजे केळफूल बाहेर पडणं, जवळून पाहायची असेल, तर त्यासाठी हा धागा. शेतीतल्या लागवडीचं गणित इथे नको.

सुरुवात कंदापासून करतो, कारण कुंडीतल्या केळीच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात. आपण ज्याला खोड म्हणतो तो एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा सोट असतो. खरं खोड म्हणजे कंद. त्याचा वाढीचा कोंब कित्येक महिने मातीच्या पातळीलाच बसून एकामागून एक पानं सोडत राहतो. बसराई, जी-नाइन या जातींच्या गटात साधारण ३० ते ४० पानं निघाली की तोच कोंब पानं द्यायचं थांबवून फुलाकडे वळतो, आणि मग गाभ्यातून वर चढत शेंड्याला बाहेर पडतो. या चढण्याला काही महिने लागतात.

म्हणजे केळफूल दिसतं तेव्हा घडाला किती फण्या असणार हे कधीच ठरून गेलेलं असतं. कमळ (केळफूल) दिसल्यावर ओतलेल्या पोटॅशने केळी भरतात, फणी एकही वाढत नाही. लक्ष द्यायचं ते पहिल्या पाच महिन्यांत. त्या काळात झाड दिसायला नुसतं पानांचं असतं, म्हणून नेमकं तेव्हाच दुर्लक्ष होतं.

दुसरं, एक खोड एकदाच निसवतं. पुढच्या वर्षीचं फूल मुनव्याला, म्हणजे कंदातून बाजूला फुटणाऱ्या पिलाला.

पानपसारा

धागा उत्तम. जातींची माहिती एकत्र लिहून ठेवते. उंची जमिनीतल्या झाडाची आहे, कुंडीत थोडी कमीच भरते.

सुपर ड्वार्फ कॅव्हेंडिश : एक-सव्वा मीटर. पानं आखूड, रुंद, एकमेकांवर दाटलेली. कुंडीसाठी सगळ्यात सोयीची, पण घड अडकण्याचा धोकाही हिलाच जास्त.

बसराई : दीड ते दोन मीटर. ही म्हणजेच ड्वार्फ कॅव्हेंडिश. वारा सोसते.

जी-नाइन : दोन ते अडीच मीटर. ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने केलेलं) रोप असेल आणि हवा उबदार असेल तर ७ ते ८ महिन्यांत निसवते, त्यानंतर ३ ते ४ महिन्यांत घड तयार.

सफेद वेलची : उंच, सडपातळ. फळं छोटी, साल पातळ. लावल्यापासून घड उतरेपर्यंत वर्षाहून अधिक. जमीन असेल तरच लावा.

लाल केळ : उंच, खोड आणि पानांचे देठ लालसर. फळ हाती यायला दीड वर्ष धरून चाला. हिच्यातून अधूनमधून हिरव्या खोडाचा मुनवा निघतो. ती भेसळ नसून त्याच जातीतला बदल असतो. लालच हवी असेल तर तो मुनवा काढून टाकावा.

राजेळी : फळ लांब, टोकदार, फण्या मोजक्या. घडापेक्षा एकेका केळ्याचा आकार पाहण्यासारखा.

ब्लू जावा : कच्च्या फळावर रुपेरी-निळसर लव चढल्यासारखा मेणाचा थर असतो, तेवढाच निळेपणा. गडद निळ्या केळांचे फोटो रंगवलेले असतात. त्यावर विसंबून रोप घेऊ नये.

तांबडी_माती

कुंडी किती मोठी लागेल? ४० लिटरची रिकामी आहे. बसराई लावायचा विचार आहे.

खोडवा

४० लिटरमध्ये बसराई जगते, पानंही देते, पण निसवण लांबते आणि घड दोन-तीन फण्यांवर आटोपतो. किमान ८० लिटर घ्या. मोठा ड्रम अर्धा कापून १०० लिटरचा झाला तर फार उत्तम. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, केळीची बरीचशी मुळं वरच्या ३०-४० सेंमीमध्येच पसरतात. तळाला बोट जाईल एवढी सहा-सात भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा. भोकं जमिनीला टेकली की बुजतात, पाणी साचतं आणि कंद सडतो.

माती : चार भाग पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. अर्धवट कुजलेलं खत नको, ते कुंडीत तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. भरताना वरचे १० सेंमी रिकामे ठेवा. केळीचा कंद हळूहळू वर सरकतो, मुळं उघडी पडतात, तेव्हा त्या जागेत माती चढवता येते.

कंदवाला

मुनव्यांबद्दल लिहितो. रोप ऊतीसंवर्धित नसेल तर सगळं मुनव्याच्या निवडीवर आहे.

तलवारी मुनवा ओळखायला सोपा : पानं अरुंद, पात्यासारखी, बुंधा जाड आणि वर निमुळता होत गेलेला. कंद अर्धा ते पाऊण किलोचा असावा. पाणमुनव्याची पानं लहानपणीच मोठ्या झाडासारखी रुंद असतात, त्यामुळे तो दिसायला देखणा, पण कंद बारीक आणि आईला नुसता चिकटलेला. तो उशिरा निसवतो आणि घडही किरकोळ देतो.

काढताना पहारीने आईच्या बाजूने सरळ खाली घाव घालायचा, कंदाला कंद जोडलेला असतो त्या जागी. खोड २० सेंमी ठेवून वरचं कापायचं. मग सगळी मुळं आणि कंदावरची तपकिरी साल सुरीने तासून पांढरा गर दिसेपर्यंत स्वच्छ करायचा. तासताना बोगदे किंवा काळे डाग दिसले तर ते तासून संपतात का पाहा. आत खोल जात असतील तर तो कंद लावू नका, त्यात सोंड्या भुंग्याची अळी आहे.

तासलेला कंद उकळत्या पाण्यात ३० सेकंद बुडवून काढला की पृष्ठभागाजवळचे सूत्रकृमी (मुळांतले सूक्ष्म जंत) आणि भुंग्याची अंडी मरतात. तीस म्हणजे तीसच, घड्याळ लावून. जास्त झालं तर कोंब शिजतो. नंतर एक दिवस सावलीत सुकवून लावा. कंदाचा माथा मातीखाली ५ ते १० सेंमी. लावल्यावर एकदा भरपूर पाणी आणि मग पोंगा (गुंडाळलेलं नवं पान) हलेपर्यंत हात आखडता. मुळं नसलेला कंद पाणी पीत नाही, नुसता भिजत पडतो.

सोनकी

खताचं नेमकं प्रमाण कोणी सांगेल का? ‘थोडं युरिया, थोडं पोटॅश’ असंच सगळीकडे वाचायला मिळतं.

कंदवाला

सोनकीताई, जमिनीतल्या जी-नाइनला साधारणपणे एका झाडाला २०० ग्रॅम नत्र, ६० ग्रॅम स्फुरद, ३०० ग्रॅम पालाश असं धरतात. प्रत्यक्ष खतात सांगायचं तर युरिया ४३५ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश ५०० ग्रॅम.

सुपर फॉस्फेट लावतानाच मातीत मिसळा. युरिया आणि पोटॅशचे सात हप्ते करा : पहिला महिना भरल्यावर, मग दर महिन्याला, हप्त्याला युरिया ६० आणि पोटॅश ७० ग्रॅम. खोडापासून एक वीत सोडून गोल आळ्यात पसरायचं, मातीत हलकं मिसळायचं, लगेच पाणी. खोडाला चिकटून टाकलं तर बुंध्याची साल जळते.

कुंडीत एकूण मात्रा निम्मी करा आणि हप्ता आठवड्याचा ठेवा : युरिया ७ ग्रॅम आणि म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश १० ग्रॅम, पाच लिटर पाण्यात विरघळवून. म्युरेटमधलं क्लोराइड कुंडीत साठत जातं आणि पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा खत न घालता तळातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी द्यायचं म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

राखेने पोटॅशचं काम भागवणाऱ्यांना एक सूचना. राख अल्कधर्मी असते, कुंडीत वारंवार टाकली की सामू (पीएच) चढतो आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. पोंग्यातलं नवं पान पिवळट-पांढरं निघायला लागलं की समजा.

तांबडी_माती

शेवटचं निघालेलं पान अगदी लहान आहे, आधीच्या पानाच्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि उभं राहिलंय. रोग आहे की खत कमी पडतंय?

पानपसारा

खोड जाड, बाकीची पानं निरोगी आणि वय सात-आठ महिन्यांचं असेल तर अभिनंदन, ते निशाणपान. त्यानंतर पान येत नाही, पुढचं जे निघेल ते केळफूल. खोडाचा गळा फुगीर वाटतोय का पाहा. चार-आठ दिवसांत शेंड्याला जांभळं टोक दिसेल.

पण शेवटची तीन-चार पानं सगळीच आखूड, अरुंद, उभी आणि एकाच जागी गुच्छासारखी दाटलेली असतील तर ते निशाणपान नव्हे. तसं असेल तर पान उलटं करून उजेडाकडे धरा. देठावर आणि मधल्या शिरेलगत गडद हिरव्या तुटक रेघा-ठिपक्यांची ओळ दिसली तर तो पर्णगुच्छ, मावा पसरवतो तो विषाणू. त्याला औषध नाही. आधी मावा मारायचा, मग कंदासकट सगळं झुडूप काढून नष्ट करायचं. उलटा क्रम केला तर मावा उडून शेजारच्या केळीवर जातो. आणि त्या झुडपाचा मुनवा कितीही चांगला दिसला तरी कोणालाही देऊ नका.

तांबडी_माती

एकच पान लहान आहे, रेघा नाहीत. मग आता काय करायचं? खत वाढवू?

खोडवा

खत नाही, पानं सांभाळा. आता नवं पान येणार नाही, आहेत त्यांच्याच जोरावर घड भरायचा आहे. निसवताना किमान आठ निरोगी पानं हवीत. वाऱ्याने फाटलेलं पान कापू नका, फाटलं तरी काम करतं. पूर्ण वाळलेलं तेवढंच काढा. पाणी मात्र चुकवू नका.

आणि आजच टेकू लावा. घड लोंबायला लागल्यावर केळ कुशीवर जाते, विशेषतः कुंडीतली. दोन बांबू वरून एक फूट सोडून कात्रीसारखे बांधायचे आणि फुलीच्या खाचेत खोडाचा गळा टेकवायचा. टेकू घड झुकलेल्या बाजूनेच. खोडावर बांबू घासेल तिथे जुनं गोणपाट.

निशाचर

आता माझ्या आवडीचा भाग. फूल पाहायचं असेल तर संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन पाहा.

केळफूल सरळ वर निघतं आणि काही दिवसांत दांडा वाकून खाली तोंड करतं. मग वरून पहिलं जांभळं पातं उचललं जातं. लोंबत्या घडाच्या जातींत पाती मुख्यतः संध्याकाळी-रात्री उघडतात, कारण मूळ रानकेळींचं परागीभवन वटवाघळं करतात. दुपारी पाहणाऱ्याला उघडलेलं पातं दिसतं, उघडताना नाही.

पात्याखाली फुलांच्या दोन रांगा. सुरुवातीच्या पात्यांखालची सगळी मादी फुलं, यांच्याच फण्या होतात. एक फूल हातात न तोडता जवळून पाहा. खाली लांब, कोनदार, हिरवं अंडाशय, हेच पुढे केळं. फुलाच्या एकूण लांबीचा दोन-तृतीयांश भाग तेच व्यापतं. त्याच्या टोकाला पाच पाकळ्या जुळून झालेली एक जाडसर पिवळट नळी, काठाला दाते. तिच्यासमोर एक सुटी, होडीसारखी, जवळजवळ पारदर्शक पाकळी, आणि तिच्यात घट्ट गोड मधाचा थेंब. मधोमध जाड कुक्षी, बाजूला खुरटलेले पुंकेसर. या जातींत फळ परागाशिवायच धरतं, म्हणून हाताने पराग लावायचा खटाटोप करू नये. रानजातीच्या परागाशी गाठ पडलीच तर काही जातींत एखादं बी मात्र सापडू शकतं.

मादी फुलांची पाती आठवडा-दहा दिवसांत उघडून संपतात. मग एक-दोन फण्या धड ना मादी धड ना नर, त्यांची बोटभर केळी वाढत नाहीत. तिथून खाली नर फुलं : अंडाशय आखूड, पुंकेसर मोठे. रोज साधारण एक पातं उघडतं, गळतं, आणि दांडा लांबत राहतो.

कोवळी केळी सुरुवातीला खाली तोंड करून असतात, मग एकेक वर वळतात. पहिली फणी वळत असते तेव्हा शेवटची अजून पात्याखाली मिटलेली. घडाचे रोज त्याच कोनातून फोटो काढले तर हे वळणं सुरेख दिसतं.

सोनकी

कमळ कापायचं की ठेवायचं? दोन्ही सल्ले वाचलेत.

कंदवाला

कापायचं. शेवटच्या फणीखाली दांडा १५ सेंमी वाढला की सकाळी धारदार कोयत्याने. घडाला थोडं वजन जास्त भरतं आणि फुलकिड्यांना लपायला जागा राहत नाही. चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, हाताला आधी तेल लावा.

निशाचर

विक्रीच्या बागेत कापा. घरी एका घडात पाव-अर्धा किलोचा फरक पडून काय होणार? कमळ ठेवलं तर आणखी दोन-तीन महिने रोज एक पातं उघडताना दिसतं, आणि जातीची ओळख पटवायला नर कमळच लागतं. बसराईची वाळकी पाती आणि नर फुलं दांड्यालाच चिकटून राहतात, बऱ्याच जातींत दांडा गुळगुळीत मोकळा होतो. प्लँटेन, म्हणजे शिजवून खायच्या केळी, त्यांपैकी हॉर्न गटात तर घड उमलल्यावर नर कमळच उरत नाही. कापून टाकल्यावर यातलं काय पाहणार?

कंदवाला

पाहायचं असेल तर एका झाडाचं ठेवा आणि दुसऱ्याचं कापा. पर्णगुच्छ किंवा जिवाणूजन्य रोग आसपास असेल तर मात्र सगळीच कापा, दोन्हींत कीटक कमळाकडे धावतात.

पानपसारा

छोटी दुरुस्ती, कंदवालादादा. कमळावरच्या कीटकांमार्फत पसरतात ते जिवाणूजन्य मर रोग. तिथे कमळ लवकर काढणं हा खरंच उपाय आहे, आणि तेही कोयत्याऐवजी फाटा असलेल्या काठीने मोडून, म्हणजे हत्यारावरून रोग पसरत नाही. पर्णगुच्छाचा मावा बुंध्याशी आणि पोंग्याच्या बेचक्यात बसतो, कमळ कापून त्याला फरक पडत नाही.

कंदवाला

मान्य, दोन्ही एकत्र लिहायला नको होते.

निशाचर

जात ओळखण्याबद्दल थोडं पुढे. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १५ लक्षणांची गुणपद्धत मांडली. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण १५ च्या जवळ आले तर झाड म्युझा अॅक्युमिनाटाकडचं, ७५ च्या जवळ आले तर म्युझा बाल्बिसियानाकडचं, मधले संकर. ए म्हणजे अॅक्युमिनाटाचा वाटा, बी म्हणजे बाल्बिसियानाचा : बसराई, जी-नाइन, लाल केळ एएए, सफेद वेलची एबी, राजेळी एएबी, ब्लू जावा एबीबी.

घरच्या घरी तीन लक्षणं पुरतात. पानाच्या देठाची पन्हळ उघडी, कडा बाहेर पसरलेल्या असतील तर ए. कडा आत मिटून नळी झालेली असेल तर बी. खोडावर काळे-तपकिरी डाग ठळक असतील तर ए, फिके किंवा नसतील तर बी. नर कमळाचं पातं उघडल्यावर मागे गुंडाळत गेलं तर ए, नुसतं उचलून सरळ राहिलं तर बी. पहिली दोन रोपावरच दिसतात. ‘सफेद वेलची’ म्हणून घेतलेल्या पुरेशा मोठ्या रोपाची पन्हळ पूर्ण उघडी आणि खोडावर भरगच्च काळे डाग असतील तर शंका घ्यायला हरकत नाही. अगदी लहान ऊतीसंवर्धित रोपावर मात्र हे पाहू नका, कोवळ्या वयात डाग फसवतात.

सोनकी

नुसत्या फुलासाठी केळ लावायची असेल, फळ नकोच, तर?

निशाचर

म्युझा व्हेल्युटिना, डोळे मिटून. दीड मीटरच्या आसपास उंची, फूल उभं, पाती गुलाबी, फळंही गुलाबी मखमली. पिकल्यावर फळ आपोआप सालीसकट उलगडतं आणि आतला बियांनी भरलेला पांढरा गर दिसतो. ४० लिटरची ती कुंडी हिला चालेल. म्युझा ऑर्नाटा थोडी उंच, पाती जांभळट-गुलाबी, पक्षी हमखास येतात. म्युझेला लासिओकार्पा म्हणजे खोडाच्या टोकावर बसलेलं पिवळं कमळ, महिनोन्‌महिने टिकतं, पण सतत उष्ण-दमट हवेत रमत नाही.

एन्सेट (केळीच्याच कुळातली) घेण्याआधी विचार करा. भव्य दिसते, पण मुनवे सोडत नाही. निसवली की झाड संपलं.

व्हेल्युटिनाचं बी टणक असतं. कोमट पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. एक सेंमी खोल पेरा. दिवसा ३० आणि रात्री २० अंशांच्या आसपास असा चढउतार मिळाला तर चांगलं उगवतं, सतत एकाच तापमानात ठेवलेल्या पेटीत अडून बसतं. तीन आठवडे ते तीन महिने कधीही कोंब येतो, एकदम सगळे येत नाहीत. ट्रे लवकर रिकामा करू नका.

तांबडी_माती

टोक दिसून दहा दिवस झाले, घड बाहेर येत नाहीये. गळ्याशी अडकल्यासारखा आहे, खोड एका बाजूने फुगलंय.

खोडवा

घसा दाटणं म्हणतात तेच. बुटक्या जातीत पानांचे देठ फार जवळजवळ असतात. थंडी (रात्री १५-१६ अंशांखाली) किंवा पाण्याचा ताण पडला की दांडा लांबत नाही आणि घड गळ्यात दाबला जातो.

घड फुगवट्यातून एका बाजूला दिसत असेल तर त्या बाजूच्या बाहेरच्या एक-दोन देठांना उभी चीर द्या. चीर फक्त त्या थरापुरती, सुरीचं टोक अर्धा सेंमीपेक्षा आत नको, खाली दांडा आहे. देठ आडवा कापू नका, पान जाईल. मग रोज पाणी, शक्यतो सकाळी. बहुतेक वेळा घड कुशीतून बाहेर पडतो, थोडा वेडावाकडा असतो पण केळी भरतात. ओढून काढायचा प्रयत्न अजिबात नको, दांडा मोडला की संपलं.

पानपसारा

घड बाहेर आल्यावर मुनव्यांकडेही पाहा. निसवेपर्यंत निघालेले सगळे मुनवे जमिनीलगत कापून कोंब खरवडायचा, नुसतं पान कापलं तर आठवड्यात परत डोकं वर काढतात. निसवताना एकच तलवारी ठेवा, घडाच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे टेकू आणि मुनवा एकमेकांच्या आड येत नाहीत. घड उतरल्यावर आईचं खोड मुळासकट उपटू नका. एक-दीड मीटरवर कापून उभं ठेवा, वाळेपर्यंत त्यातलं अन्नपाणी कंदामार्फत मुनव्याकडे जात राहतं.

सोनकी

घड कधी उतरवायचा, केळी पिवळी होईपर्यंत थांबायचं का?

खोडवा

झाडावर पिवळी होऊ दिली तर साल तडकते आणि पाखरं आधी येतात. केळ्याच्या कडा बघा. कोवळ्या केळ्याला पाच धारा ठळक असतात, भरत जाईल तशा त्या बोथट होतात. मधल्या फणीतल्या केळ्याच्या धारा जवळजवळ गेल्या आणि टोकाची वाळकी फुलं बोट लावताच गळायला लागली की उतरवा. हवा थंड असेल तर निसवण्यापासून पाच-सहा महिनेही लागतात, तेव्हा दिवसांपेक्षा धारांवर भरवसा.

उतरवताना दोघं लागतात. एकाने घड खालून धरायचा, दुसऱ्याने पहिल्या फणीच्या वर एक वीत दांडा ठेवून कापायचा, त्या दांड्याने टांगता येतो. एकदम सगळा पिकवायचा नसेल तर वरची फणी आधी सोडवा, ती सगळ्यात आधी तयार होते.